पदकाच्या कडेवरचं नाव

पुण्याच्या जुन्या बाजारात मला चांदीचं एक लष्करी पदक मिळालं. विकणाऱ्यानं ते वजनावर दिलं. मुळशी तालुक्यातल्या जांब्याला, घरी आल्यावर, ते उन्हात धरून पाहिलं. एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा स्वार आणि 1914, 1918 ही सालं. पहिल्या महायुद्धातल्या सेवेबद्दल लाखोंना मिळालेलं हे ब्रिटिश वॉर मेडल. मालकाचा पत्ता मात्र या दोन्ही बाजूंवर नसतो, तो असतो कडेवर.

कडेची जाडी जेमतेम, अक्षरं रोमन आणि बारीक. चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका, आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातील. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरपा धरून पदक सावकाश फिरवा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि नंबर, हुद्दा, नाव, पलटण या क्रमानं मजकूर उमटतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तर ठसाही घेता येतो. एका ठिकाणी कड सपाट आणि बारीक लागली, तर जुनं नाव कानशीनं घासून नवं कोरल्याचा संशय घ्यावा.

माझ्या पदकावर पलटण लागली: 117 मराठाज. इथं घाई करू नये. त्या काळी नंबर पलटणीपुरता असे, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच शिपायाचा असू शकतो. नंबर आणि पलटण नेहमी जोडीनं वाचायची. नाव शेवटी, कारण कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं असतं.

पलटणीवरून शिपाई कुठं लढला याचा अंदाज येतो. 103, 110 आणि 117 मराठाज या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. 1922 मध्ये जुने आकडे गेले आणि 117 ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. म्हणून पुढचा पत्रव्यवहार बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरशी.

शिपाई युद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा. ती मोफत आहे, आणि नोंद पुरी असेल तर बापाचं नाव आणि गावही मिळतं. जिवंत परतलेल्याचा शोध जास्त अवघड. लंडनमधल्या क्यू इथं ब्रिटिश सरकारी दफ्तरात असलेल्या पदक-कार्डांत बहुतेक गोऱ्या फौजेचीच माणसं आहेत.

गाव सापडलं तरी थांबायचं नाही. जांबे किंवा जांभे नावाची गावं महाराष्ट्रात अनेक आहेत. शिवाय जुन्या कागदांत आपला तालुका ‘मुळशी पेटा’ किंवा नुसता ‘हवेली’ म्हणून येऊ शकतो. पेट्यातली काही गावं तर टाटांच्या धरणाखाली गेली, तिथली घरं पांगली. अशा वेळी कोतवाल बुक, म्हणजे जुना गाव नमुना 14, कामाला येतं. जन्म-मृत्यूच्या या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

पदकाऐवजी गणवेश हाती आला, तर त्याचा पुरावा याहून कच्चा. बिल्ले आणि बटणं कुणीही बदलतो. कोटाच्या अस्तरावर बाण आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ असा शिक्का असेल तर तो ब्रिटिशकालीन हिंदी सरकारी माल. बिल्ल्यावर किंवा बटणावर मुकुटाऐवजी अशोकाचे सिंह असतील तर तो 1950 नंतरचा. पुढच्या काळातला सात आकडी नंबर 27 नं सुरू होत असेल, तर तो मराठा लाइट इन्फंट्रीचा.

घर सापडलं की आधी ठशाचा कागद घेऊन जावं. ‘काका, तुमच्या आजोबांचं नाव हेच का?’ एवढंच विचारावं. पदक विकत घेतल्याचं मग, चहा झाल्यावर सांगावं. त्या घरानं ते कुठल्या वर्षी, कशापायी मोडलं असेल, ते त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐकायचं.