नवे मांजर आणि शी-शूचा ट्रे

मांजराला शी-शूची जागा शिकवावी लागत नाही. भुसभुशीत, कोरडी जमीन मिळाली की ते पंजाने खड्डा उकरते, काम उरकते, वास घेते आणि माती ओढून वर झाकण घालते. पिल्लू साधारण चार आठवड्यांचे झाले की हे आपोआप सुरू होते. त्याआधी आईच त्याला चाटून मोकळे करते आणि जागा स्वच्छ ठेवते. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. थोड्या पाण्यावर जगणाऱ्या त्या प्राण्याचा वारसा आजच्या मांजरातही आहे. त्याचे मूत्र फार घट्ट असते, म्हणून त्याचा दर्पही तीव्र असतो. तेव्हा नव्याने आणलेले मांजर गादीवर, पायपुसण्यावर किंवा तुळशीच्या कुंडीत शू करू लागले, तर त्याला वळण नाही असे समजणे चूक आहे. त्याला दिलेली जागा पटलेली नसते, नाहीतर त्याचे शरीर दुखत असते. या दोन शक्यता सोडून तिसरीकडे, म्हणजे मांजराच्या खोडीकडे किंवा सूडबुद्धीकडे, कारण शोधण्यात वेळ जातो आणि मांजराचे हाल होतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत घरात येणारी बहुतेक मांजरे रस्त्यावरचीच असतात. कुणाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पिल्लू सापडते, कुणी मासळी बाजाराजवळून उचलून आणते, कुणी पावसात भिजलेले पिल्लू जिन्यातून घरात घेते. काही मांजरे प्राणिमित्रांच्या संस्थांच्या ओळखीने येतात. ठाण्यात ठाणे एसपीसीए आणि डोंबिवलीत निलेश भणगे यांनी उभी केलेली ‘पॉज’ या संस्था भटक्या प्राण्यांसाठी काम करतात. अशा मांजराने लहानपणापासून ज्या मातीत पाय रोवले ती म्हणजे बांधकामापुढचा रेतीचा ढीग, बागेतली माती, नाहीतर भिंतीलगतचा पालापाचोळा. पिल्लूपणी पंजाला जो स्पर्श सवयीचा होतो, तोच मांजर पुढे शोधत राहते. एके दिवशी त्याला तिसऱ्या मजल्यावर आणून सुगंधी, टोचणाऱ्या दाण्यांनी भरलेल्या प्लास्टिकच्या ट्रेसमोर ठेवले, तर ही शी-शूची जागा आहे हे त्याने ओळखायचे कसे? कुंडीतली माती मात्र ते लगेच ओळखते.

तरीही ट्रेकडे वळण्याआधी मांजराला पशुवैद्यांकडे दाखवणे हे पहिले काम आहे. शू करताना जळजळ झाली की मांजर त्या दुखण्याचा संबंध ट्रेशी जोडते आणि गादीसारखी मऊ, कोरडी जागा शोधते. घर बदलण्याचा ताण, कोरडे खाणे आणि कमी पाणी यांमुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि त्यात जंतुसंसर्ग असेलच असे नाही. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांच्या पोटात जंत असतात, त्यांना जुलाब होतात आणि ट्रेपर्यंत पोचायलाही वेळ मिळत नाही. त्यात आपल्याकडे मांजर आले की बशीभर दूध ठेवायची रीत आहे. दूध सुटलेल्या अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडते. जंताचे औषध दिले आणि दूध बंद केले, तर काही घरांतला प्रश्न तेवढ्यावरच मिटतो.

एक लक्षण मात्र तातडीचे आहे. बोका वारंवार ट्रेत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, लिंगाचा भाग सतत चाटतो आणि थेंबभर शू होते किंवा होतच नाही, तर त्याची मूत्रनलिका तुंबलेली असण्याची दाट शक्यता असते. बोक्याची ही नळी भाटीच्या मानाने फार अरुंद असते. खडे किंवा चिकट पदार्थ अडकून ती बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. घरच्यांना हे बरेचदा बद्धकोष्ठ वाटते आणि ते सकाळपर्यंत वाट पाहतात. इथे वाट पाहू नये. जवळचा दवाखाना बंद असेल, तर रात्रीही सुरू असणारा दवाखाना शोधून मांजराला तिथे न्यावे. तो शोध वेळ येण्याआधी, मांजर घरी आणतानाच करून ठेवलेला बरा.

तब्येत ठीक असेल, तर मग ट्रेची पाहणी करायची. दुकानात मिळणारे बरेच ट्रे मोठ्या मांजराला लहान पडतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट ट्रे असावा, म्हणजे त्याला आत वळता येते. हार्डवेअरच्या दुकानातले प्लास्टिकचे मोठे, पसरट घमेले किंवा चादरी ठेवायचा उथळ डबा हे काम उत्तम करतो आणि स्वस्तही पडतो. पिल्लाला आणि म्हाताऱ्या मांजराला उंच काठ चढवत नाही, म्हणून एका बाजूने काठ खाली कापून कड घासून गुळगुळीत करावी. वर झाकण असलेले ट्रे माणसाच्या डोळ्यांना बरे वाटतात, पण आत वास कोंडतो आणि पाठीमागून कुणी येत असेल तर मांजराला दिसत नाही. नव्या, बिचकलेल्या मांजराला सुरुवातीला उघडाच ट्रे द्यावा.

ट्रेत काय भरायचे, हा या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेतही १९४७ पर्यंत लोक मांजरासाठी राख, रेती नाहीतर माती वापरत. त्या वर्षी मिशिगन राज्यात एडवर्ड लो या तरुणाकडे शेजारीण रेती मागायला आली. त्याने तिला कारखान्यातले तेल टिपण्यासाठी विकली जाणारी, भट्टीत वाळवलेली दाणेदार माती दिली. इंग्रजीत जिला फुलर्स अर्थ म्हणतात, ती म्हणजे आपल्याकडच्या मुलतानी मातीच्या जातीची. ओल शोषणारी ही माती पिशव्यांत भरून लो विकू लागला आणि त्यातून एक नवा धंदाच उभा राहिला. पुढे १९८०च्या दशकात बेंटोनाइट मातीची लिटर, म्हणजे ट्रेत भरायचे दाणे, आली. ही माती पाणी लागताच फुगून गोळा होते, त्यामुळे तेवढीच गाठ उचलून टाकता येते. बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी गुजरातमध्ये कच्छ जिल्ह्यात आहेत. डोंबिवलीच्या दुकानात मिळणाऱ्या पिशवीतली माती परदेशीच असायला हवी, असे काही नाही.

बेंटोनाइटचा स्पर्श रेतीसारखा बारीक असल्याने बहुतेक मांजरांना ती आवडते. सोयाबीनपासून केलेली लिटर हलकी असते आणि तिची धूळ कमी उडते, पण पावसाळ्यात उघडी राहिली तर तिला बुरशी येते. लाकडाच्या गोळ्या आणि वखारीतला भुसा स्वस्त पडतो. मात्र रेतीवर वाढलेल्या मांजराच्या पायांना या गोळ्या टोचतात आणि तिथेच नकाराला सुरुवात होते. लिटर कोणतीही घेतली तरी ती बिनवासाची असावी. लॅव्हेंडर किंवा लिंबाचा सुगंध माणसासाठी घातलेला असतो; माणसाहून कितीतरी तीक्ष्ण नाकाच्या प्राण्याला तो सोसवत नाही. फार लहान पिल्ले दाणे खाऊन पाहतात, म्हणून ती दोन महिन्यांची होईपर्यंत फुगणारी बेंटोनाइट टाळलेली बरी. तोवर फाडलेला कागद किंवा भुसा चालतो.

मातीची सवय असलेल्या मांजरासाठी उपाय सोपा आहे. जी माती त्याला ठाऊक आहे, ती चाळून, कडक उन्हात वाळवून ट्रेत दोन-तीन इंच भरावी. मांजर ती बिनबोभाट वापरू लागले की दर दोन-तीन दिवसांनी मूठ-मूठ माती काढून तेवढी लिटर मिसळावी. दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण बदल होतो. घाई केली आणि मांजराने पाठ फिरवली, तर एक पायरी मागे यावे. या काळात कुंड्यांतल्या मातीवर मोठे गोटे पसरावेत, म्हणजे तिथे उकरता येत नाही.

ट्रे कुठे ठेवायचा हा प्रश्न ठाणे-डोंबिवलीच्या वन रूम किचन आणि वन बीएचके घरांत खरा कठीण आहे. बहुतेक जण तो न्हाणीघरात ठेवतात. तिथे बादलीने अंघोळ होते, फरशी ओली राहते, लिटरमध्ये पाणी उडून तिचा चिखल होतो आणि घरात कुणी अंघोळीला गेले की दार बंद. ओली जागा मांजर टाळते आणि बंद दारापुढे ते करणार तरी काय? ड्राय बाल्कनी पुष्कळ बरी, पण तिथे वॉशिंग मशीन असते. मांजर ट्रेत बसलेले असताना मशीनची घरघर सुरू झाली, तर एकदाच बसलेली ती भीती पुढे कित्येक दिवस टिकते. बाल्कनीत जून ते सप्टेंबर पावसाची झड येते, शिवाय वरच्या मजल्यावरून पडण्याचा धोका असल्याने जाळी नसेल तर मांजराला तिथे मोकळे सोडूच नये. त्यातल्या त्यात चांगली जागा म्हणजे हॉलचा किंवा शयनखोलीचा कोरडा कोपरा, पाठीशी भिंत आणि समोर पळायला मोकळी वाट. खाण्याचे आणि पाण्याचे भांडे दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत हवे. जेवतो तिथे शी करणे मांजराला माणसाइतकेच नकोसे वाटते. ट्रे हॉलमध्ये ठेवायला घरातली वडीलधारी मंडळी अनेकदा राजी नसतात. पण रोज दोनदा साफ केलेल्या, बिनवासाच्या ट्रेपेक्षा मूत्राने भिजलेल्या गादीचा त्रास कितीतरी मोठा असतो.

ट्रे किती हवेत, याबद्दल पशुवैद्य सांगतात की जितकी मांजरे असतील त्याहून एक जास्त ठेवावा. लहान घरात हे अवघड वाटते, तरी एका मांजरासाठी दोन ट्रे निदान पहिले दोन महिने ठेवावेत. ते शेजारी शेजारी ठेवले, तर मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते. म्हणून एक हॉलमध्ये आणि एक आत, असे ते ठेवावेत. घरात आधीचे मांजर असेल, तर ते वाटेत नुसते बसूनही नव्याला ट्रेपर्यंत जाऊ देत नाही. हा दादागिरीचा प्रकार माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

पहिला आठवडा नव्या मांजराला सगळे घर मोकळे करून देऊ नये. एका खोलीत ट्रे, पाणी, खाणे आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका एवढे दिले की ते लवकर स्थिरावते. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर त्याला अलगद ट्रेजवळ न्यावे, पण त्याचे पंजे धरून उकरायला लावू नये. चूक झाली तर नाक त्या जागी घासण्याची जुनी पद्धत आपल्याकडे अजून चालते. ती निरुपयोगी तर आहेच, शिवाय निर्दय आहे. मांजर त्यातून एवढेच शिकते की या माणसासमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली, कपाटामागे जागा शोधते.

चुकीच्या जागी झालेली शू नीट धुतली नाही, तर वास राहतो आणि मांजर पुन्हा तिथेच येते. पाण्याने किंवा साबणाने मूत्रातले युरिक अॅसिडचे स्फटिक पूर्ण निघत नाहीत. पावसाळी दमट हवेत ओल धरली की दर्प पुन्हा उठतो. त्यासाठी एन्झाइम असलेला क्लीनर मिळतो. तो ओतून बाटलीवर सांगितलेला वेळ तसाच राहू द्यावा लागतो, लगेच पुसून चालत नाही. डाग नक्की कुठे आहे हे कळत नसेल, तर नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी अंधारात फिरवावी; मूत्राचे जुने डाग तिच्यात चमकतात. मांजराच्या घरात फिनाईल आणि पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशके मात्र वापरू नयेत. फिनॉलच्या जातीची रसायने पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते आणि फरशीवरून पंजाला लागलेले औषध ते चाटते. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवणेही तितकेच घातक. ब्लीचिंग पावडर मूत्रातल्या अमोनियाशी मिसळली की विषारी वायू सुटतो, आणि तो माणसालाही बाधतो.

शू करणे आणि फवारा मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसून फरशीवर मोठे थारोळे केले, तर प्रश्न ट्रेचा किंवा दुखण्याचा असतो. उभे राहून, शेपटी थरथरवत दारावर, पडद्यावर, बुटांच्या कपाटावर थोडासा फवारा मारला, तर मांजर हद्दीची खूण करते आहे. वयात आलेला बोका हे हमखास करतो, माजावर आलेली भाटीही करते, आणि खिडकीबाहेर सोसायटीतला दुसरा बोका दिसला की प्रमाण वाढते. नसबंदीने दहातल्या सुमारे नऊ बोक्यांचा फवारा थांबतो किंवा अगदी कमी होतो. पाच-सहा महिन्यांच्या वयात, सवय लागण्याआधी, शस्त्रक्रिया झाली तर सर्वांत चांगले. उरलेल्यांसाठी खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवून बाहेरचे दृश्य झाकले तरी फरक पडतो.

ट्रेतल्या गाठी रोज सकाळ-संध्याकाळ उचलाव्यात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सगळी लिटर बदलून ट्रे साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. पावसाळ्यात हवेतली ओल लिटर शोषून घेते, त्यामुळे ती लवकर बदलावी लागते आणि पिशवीचे तोंड घट्ट बांधून ठेवावे लागते. बेंटोनाइटच्या गाठी कमोडमध्ये टाकू नयेत. नळात जाऊन त्या फुगतात आणि खालच्या मजल्यापर्यंत पाइप तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळी पिशवी बांधून तो कचरा घंटागाडीत द्यावा, ओल्या कचऱ्यात मिसळू नये.

घरात गर्भवती स्त्री असली की मांजर हाकलून द्या, असा सल्ला हमखास मिळतो. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. मांजराला तो संसर्ग झाला, तर त्याच्या विष्ठेतून या परजीवीच्या अंडपेशी साधारण दोन-तीन आठवडेच बाहेर पडतात आणि बाहेर पडल्यावरही रोग पसरवण्याजोगे व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला, तर धोका फारसा उरत नाही. गर्भवतीने ते काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे. दुसरे कुणी नसेल, तर हातमोजे घालून ट्रे साफ करावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच परजीवी माणसात शिरतो, आणि मांजर घरात न ठेवणाऱ्या कुटुंबांनीही त्याची तेवढीच काळजी घ्यायला हवी.