गड्यांची अदलाबदल : अमेरिकेंतील बास्केटबॉल-संघांची जुळणी

बास्केटबॉल हा खेळ पांच-पांच गड्यांच्या दोन संघांत खेळला जातो, हें सर्वश्रुत आहे. परंतु अमेरिकेंत ह्याच खेळाचा आणखी एक डाव वर्षभर चालू असतो, आणि त्यास ना चेंडू लागतो, ना मैदान. तो डाव गड्यांच्या अदलाबदलीचा. कोणत्या संघानें कोणता गडी द्यावा, बदल्यांत कोणता मागावा, तरुणांस राखावें कीं अनुभवी गडी आणावा, ह्याविषयीं तेथें जेवणाच्या मेजावर, कचेऱ्यांतून आणि नभोवाणीवर इतकी चर्चा होते कीं, पुष्कळांस सामन्यापेक्षां ही चर्चाच अधिक गोड वाटते. वरवर पाहतां हा वाद ‘अमुक मोठा कीं तमुक मोठा’ एवढाच दिसतो. परंतु त्याच्या बुडाशीं एक जुनाच प्रश्न आहे : हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागावें काय, आणि लागावयाचेंच तर केव्हां ?

प्रथम ह्या व्यवहाराची चौकट ध्यानांत घेतली पाहिजे. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ही धंदेवाईक संघांची संस्था १९४६ सालीं निघाली व १९४९ मध्यें तिला हें नांव मिळालें. २०२५ सालीं तिच्यांत तीस संघ होते. प्रत्येक संघास हंगामांत ८२ सामने खेळावे लागतात. कायम पटावर पंधराच गडी ठेवतां येतात व मैदानावर एका वेळीं पांच उतरतात. पंधरा जागा आणि ठराविक पैसा, एवढ्या सामग्रींतून संघ जुळवावयाचा असतो.

युरोपांतील फुटबॉलमध्यें धनवान संघ थैली मोकळी करून दुसऱ्याचा गडी विकत घेऊं शकतो. येथें तसें चालत नाहीं. १९८४-८५ च्या हंगामापासून संघाच्या एकंदर वेतनावर मर्यादा घातली गेली. त्या वर्षीं ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्यें ती १४ कोटी डॉलरांच्या वर गेली. ही मर्यादा लवचिक आहे. आपल्याच जुन्या गड्यास ठेवून घेण्यासाठीं ती ओलांडतां येते, मात्र फार पुढें गेल्यास दंडवजा जबर कर भरावा लागतो. २०२३ च्या करारानें तर सर्वांत खर्चिक संघांस दोन गड्यांचीं वेतनें एकत्र करून एक मोठा गडी आणण्याचीहि बंदी केली. मर्यादेच्या वर असलेल्या संघानें अदलाबदल केली तर येणाऱ्यांचें वेतन जाणाऱ्यांच्या वेतनाशीं बव्हंशीं जुळलें पाहिजे. म्हणून मोठ्या गड्याच्या बदल्यांत पुष्कळदां तीन-चार सामान्य गडी जातात. तागडीचें पारडें समतोल करणें एवढेंच त्यांचें काम असतें. शिवाय संघास जें खरोखर मिळतें, तें गड्याच्या करारांतील उरलेलीं वर्षें होत. ज्याचीं तीन वर्षें उरलीं आहेत तो गडी आणि ज्याचे तीन महिने उरले आहेत तो, हे दोघे खेळांत तुल्यबल असले तरी बाजारांत एका भावाचे नसतात.

दुसरें चलन ह्याहूनहि विलक्षण आहे. दरवर्षीं उन्हाळ्यांत नव्या खेळाडूंची दोन फेऱ्यांत निवड होते. तिला तेथें ‘ड्राफ्ट’ म्हणतात. दुबळ्या संघांनीं आधीं निवडावें आणि बलिष्ठांनीं मागाहून, असा तिचा क्रम असतो. पहिला क्रमांक मिळावा म्हणून संघ मुद्दाम हरूं लागतील, हें जाणून १९८५ पासून वरच्या क्रमांकांसाठीं सोडत काढण्याची रीत पडली. हा निवडीचा हक्कहि दुसऱ्यास देतां येतो, आणि तोहि सात वर्षें पुढचा ! म्हणजे जो मुलगा अद्याप शाळेच्या बांकावर बसून गणितें सोडवीत आहे, त्याच्या नांवानें आज सौदा होऊं शकतो. ही एक प्रकारची हुंडीच होय. मात्र सावकाराच्या हुंडीवर रक्कम लिहिलेली असते. ह्या हुंडीची किंमत ती लिहून देणारा संघ त्या वर्षीं किती दुबळा ठरेल, ह्यावर अवलंबून असते. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत क्लीव्हलंड संघाचे मालक टेड स्टेपियन ह्यांनीं पहिल्या फेरीचे हक्क असे उधळले कीं, पुढील लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणत्याहि संघानें घालवूं नयेत, असा नियमच करावा लागला. तो आजहि त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

ह्या चौकटींत माणसें कशीं वागतात, हें उदाहरणांनींच समजतें. २०१३ सालीं ब्रुकलिन संघास अजिंक्यपदाची घाई झाली होती. त्यानें बोस्टनकडून केव्हिन गार्नेट व पॉल पिअर्स हे दोन नामांकित गडी आणले. गार्नेट त्या वेळीं ३७ वर्षांचा होता, पिअर्स ३५ चा. बदल्यांत, वेतनाच्या वजनापुरते दिलेले गडी सोडून, बोस्टनला २०१४, २०१६ व २०१८ ह्या वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०१७ सालीं क्रम बदलून घेण्याची मुभा मिळाली. पिअर्स एका हंगामानंतर निघून गेला, गार्नेट दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर. त्या जोडीच्या काळांत ब्रुकलिननें बाद फेरीची एकच मालिका जिंकली. पुढें तो संघ रसातळास गेला. परंतु दुबळ्यास मिळणारें पहिल्या निवडीचें सांत्वनहि त्याच्या वांट्यास आलें नाहीं, कारण ती हुंडी बोस्टनच्या पेटींत होती. २०१६ सालीं बोस्टननें तिच्यावर जेलन ब्राउन घेतला. २०१७ सालीं मिळालेला पहिला क्रमांक फिलाडेल्फियास देऊन त्यानें तिसरा क्रमांक व आणखी एक हक्क पदरांत पाडला, आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम निवडला. ह्या दोघांच्या बळावर बोस्टननें २०२४ चें अजिंक्यपद मिळविलें. पेरणी आणि कापणी ह्यांत अकरा वर्षें गेलीं.

एवढ्यावरून ‘हातचें कधींच सोडूं नये’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. २०१८ सालीं टोरांटो संघानें सॅन अँटोनिओकडून कवाय लेनर्ड आणला, तेव्हां त्याच्या कराराचें एकच वर्ष उरलें होतें, आणि तो आदल्या हंगामांत दुखापतीमुळें अवघे नऊ सामने खेळला होता. त्याच्यासाठीं जो गडी द्यावा लागला तो डिमार डिरोझन नऊ हंगाम टोरांटोत खेळून त्या नगराचा लाडका झाला होता. पुष्कळांनीं ह्या सौद्यास कृतघ्नपणा म्हटलें. परंतु २०१९ च्या जूनमध्यें टोरांटोनें आपलें पहिलें अजिंक्यपद जिंकलें, आणि पुढच्याच महिन्यांत लेनर्ड निघून गेला. एका वर्षासाठीं केलेला हा सौदा होता व त्या एका वर्षांत तो फळास आला. संघ पुरता सिद्ध असेल आणि एकाच गड्याची उणीव असेल, तर उद्यांचें धन आज खर्चणें शहाणपणाचें ठरतें. ब्रुकलिननें तीच किंमत उतारवयाच्या गड्यांसाठीं मोजली.

लेनर्ड टोरांटोहून निघाला तो लॉस एंजेलिस क्लिपर्स ह्या संघाकडे गेला. आपल्या जोडीस पॉल जॉर्ज असावा, अशी त्याची इच्छा होती. जॉर्ज त्या वेळीं ओक्लाहोमा सिटीच्या संघांत होता आणि त्यासहि तेथून निघावयाचें होतें. जुलै २०१९ मध्यें क्लिपर्सनें जॉर्जसाठीं दोन गडी, पहिल्या फेरीचे पांच हक्क आणि दोन वर्षीं क्रम बदलून घेण्याची मुभा दिली. त्या दोन गड्यांपैकीं एक होता विशीच्या आसपासचा कॅनडाचा तरुण, शे गिल्जस-अलेक्झांडर. एका सौद्यांत दोन मोठे गडी मिळाले, म्हणून त्या दिवशीं क्लिपर्सची वाहवा झाली. २०२१ सालीं तो संघ प्रथमच पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचला, हेंहि खरें. परंतु अजिंक्यपद मिळालें नाहीं, आणि २०२४ सालीं करार संपतांच जॉर्ज मोबदल्यावांचून फिलाडेल्फियास गेला.

ओक्लाहोमानें मात्र दीर्घ वनवास पत्करला. २०२०-२१ मध्यें त्याला ७२ पैकीं २२ सामने जिंकतां आले, पुढच्या वर्षीं ८२ पैकीं २४. मग क्लिपर्सच्या हुंडीवर २०२२ सालीं बाराव्या क्रमांकानें जेलन विल्यम्स आला. २०२४-२५ मध्यें संघानें ६८ सामने जिंकले. गिल्जस-अलेक्झांडर हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम मालिकेच्या पांचव्या सामन्यांत विल्यम्सनें एकट्यानें ४० गुण केले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली व ओक्लाहोमा विजयी झाला.

त्या मालिकेंतील प्रतिस्पर्धी कोण होता, हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. तो होता इंडियाना. पॉल जॉर्ज मूळचा ह्याच संघाचा. करार संपल्यावर आपण राहणार नाहीं, असें त्यानें कळविल्यावर २०१७ सालीं इंडियानानें त्यास ओक्लाहोमाला देऊन व्हिक्टर ओलाडिपो व डोमांटस सबोनिस हे दोन गडी घेतले. ‘एवढ्या मोठ्या गड्याचें मोल एवढेंच ?’ म्हणून तेव्हां इंडियानाची थट्टा झाली. परंतु दोघेहि नांवारूपास आले. पुढें २०२२ सालीं सबोनिस सॅक्रामेंटोस देऊन इंडियानानें टायरीस हॅलिबर्टन आणला. सॅक्रामेंटोचेंहि त्यांत नुकसान झालें नाहीं. २००६ नंतर प्रथमच, २०२३ सालीं, तो संघ बाद फेरींत शिरला. आणि हॅलिबर्टननें इंडियानास २०२५ च्या अंतिम मालिकेंत आणून सोडलें. सातव्या सामन्याच्या आरंभींच त्याच्या घोट्यामागची शीर तुटली आणि त्यास बाहेर जावें लागलें. एकाच गड्याच्या दोन देवघेवींतून असे दोन संघ उभे राहिले होते, आणि तो पॉल जॉर्ज स्वतः तेव्हां तिसऱ्याच संघाच्या पटावर होता.

म्हणून सौद्याच्या दुसऱ्या दिवशीं ‘कोण जिंकला, कोण फसला’ हें सांगण्याची घाई करणारे बहुधा चुकतात. विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. संघ कोणत्या अवस्थेंत आहे, म्हणजे आजच लढण्याजोगा आहे कीं घडणीवर आहे ? येणाऱ्या गड्याचें वय काय आणि कराराचीं वर्षें किती ? दिलेले हक्क कोणत्या वर्षांचे आहेत, आणि त्या वर्षीं आपण स्वतः दुबळे असण्याचा संभव किती ? ह्या प्रश्नांचीं उत्तरें जुळत असतील, तर पुढें दुर्दैवानें गड्याचा पाय मोडला तरी निर्णय चुकला असें म्हणतां येत नाहीं. आणि जुळत नसतील, तर नशिबानें आलेलें यशहि शहाणपणाचें द्योतक नव्हे.

थांबण्याचेंहि मोल असतें, हें विसरतां कामा नये. फिलाडेल्फियानें २०१३ ते २०१६ ह्या तीन हंगामांत भावी निवडींसाठीं संघ जाणूनबुजून दुबळा ठेवला. २४६ सामन्यांत त्यास ४७ विजय मिळाले. जोएल एम्बीडसारखा थोर गडी हातीं लागला खरा, तरी २०२५ पर्यंत तो संघ आपल्या विभागाच्या अंतिम फेरींतहि पोंचला नव्हता. तीन वर्षें तिकिटें काढून पराभव पाहणाऱ्या प्रेक्षकांचें देणें कोणत्याहि हिशेबांत धरलें जात नाहीं.

आणि हिशेबांत न धरलेलें सर्वांत मोठें देणें गड्याचें असतें. करार चालू असेतों संघ धनी असतो; करार संपला म्हणजे गडी धनी होतो. लेनर्ड आपल्या मर्जीनें गेला, डिरोझनला ती संधि नव्हती. आपल्या संमतीवांचून अदलाबदल होऊं नये अशी अट करारांत घालून घेण्यास आठ वर्षांची एकंदर सेवा व त्यांपैकीं चार वर्षें त्याच संघांत काढलेलीं असावीं लागतात. ती अट मिळालेले गडी फारच थोडे. २०२५ च्या फेब्रुवारींत डॅलस संघानें आपला पंचविशींतील ल्यूका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस घेतला. ज्यानें आठ महिन्यांपूर्वीं संघास अंतिम मालिकेपर्यंत नेलें होतें, त्यालाच ह्या सौद्याची पूर्वकल्पना नव्हती. डॅलसचे प्रेक्षक क्रीडागाराबाहेर निषेधासाठीं जमले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सौदा करणाऱ्या व्यवस्थापकासहि पद सोडावें लागलें. ह्या गड्यांस वेतन अमाप मिळतें, हें खरें. तरी ज्या नगरांत मुलांच्या शाळा ठरल्या, शेजार जमला, तें नगर रात्रींतून सोडावें लागतें, हेंहि तितकेंच खरें. अमुक द्या आणि तमुक घ्या असें घरबसल्या सुचविणाऱ्यानें हुंड्यांची बेरीज अवश्य करावी. मात्र ज्याचें नांव घेऊन ती बेरीज मांडली जाते, त्याला दुसऱ्या दिवशीं सामान बांधावयाचें असतें, ह्याची आठवण ठेवावी.