गाणं कोण गातंय?

जालन्यातल्या नाट्यगृहाला फुलंब्रीकरांचं, म्हणजे मास्टर कृष्णरावांचं नाव आहे. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. बियाणं आणि लोखंडी सळ्यांच्या या व्यापारी गावात मुंबई-पुण्याचं नाटक येतं, तेव्हा नवीन जालन्यातला नाट्यवेडा माणूस सगळी कामं बाजूला ठेवून जातो. जाहिरातीत ‘संगीत’ हा शब्द असला तर घरातल्या सगळ्यांना घेऊन जातो. आणि पहिल्याच गाण्याला त्याला कळतं, की नट नुसते ओठ हलवतो आहे, आवाज ध्वनिमुद्रणातला आहे.

त्या नाराजीवर ठरलेलं उत्तर मिळतं : जुन्या रसिकांना नवं पचत नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तर या उत्तरात काही तथ्य नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आलं, तेव्हा त्यात साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानावरच्या चाली होत्या. १९११ साली ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी रागदारीच्या नव्या चाली दिल्या. केवढा बदल! प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे वन्समोअरच्या नादात नाटकं पहाटेपर्यंत लांबू लागली आणि कथानक मागे पडलं. त्यावरचा उपायही नव्यांनीच केला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि केशवराव भोळे यांनी प्रसंगाला शोभतील अशी आटोपशीर गाणी दिली.

मास्टर कृष्णरावांच्या एकाच कारकिर्दीत हे दोन्ही काळ सामावले आहेत. जन्म १८९८चा, आळंदीचा. भास्करबुवा बखले यांच्याकडे तालीम, गंधर्व नाटक मंडळीत गायक नट आणि संगीतकार. बालगंधर्वांच्या विस्तृत गायकीच्या सावलीत वाढलेल्या या माणसाने १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ला सुटसुटीत, भावगीताच्या जवळ जाणाऱ्या चाली दिल्या. ज्योत्स्ना भोळे यांनी त्या गायल्या आणि त्या घरोघरी पोहोचल्या.

मग आज बिनसतं कुठे? मुख्य गोष्ट गाणाऱ्याच्या गळ्याची आहे. समोर ऑर्गन आणि तबला असला, की साथ गायकाच्या मागून जाते. नटाला एखाद्या शब्दावर थांबावंसं वाटलं तर तो थांबतो, दाद आली तर आणखी एक जागा घेतो, एखाद्या प्रयोगात गळा साथ देत नसेल तर आटोपतं घेतो. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर हे शक्य नाही. तिथे नटाला मशीनच्या मागे धावावं लागतं, आणि कालचा प्रयोग नि आजचा प्रयोग सारखाच होतो. नाटक पाहायला माणूस घराबाहेर पडतो ते नेमकं याच्या उलट काहीतरी मिळावं म्हणून.

निर्मात्यांची अडचण खरी आहे. मुंबईहून जालन्याच्या दौऱ्यावर वादक आणायचे म्हणजे त्यांची नाइट (प्रयोगाचं मानधन), प्रवास, मुक्काम सगळा खर्च वाढतो. पण तोच पैसा भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर आणि झगमगाटावर खर्च होताना दिसतो, तेव्हा ही सबब पटत नाही. झगमगाटाने नाटक तरत नाही, हे न्यूयॉर्कमध्येही दिसलं आहे. ‘स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क’ या २०११च्या संगीतिकेवर सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च झाले होते. संगीत ‘यू-टू’च्या बोनो आणि एज यांचं. समीक्षकांनी ती झोडपली आणि २०१४च्या जानेवारीत ती तोट्यात बंद झाली.

दुसरा दोष लेखनातला. गाणं काढून टाकलं तरी नाटकाचं काही बिघडत नसेल, तर ते तिथे नकोच होतं. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये दोन घराण्यांचा संघर्ष हेच कथानक आहे, त्यामुळे अभिषेकीबुवांच्या चाली आणि वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब वगळून ते नाटक उभंच राहत नाही. प्राजक्त देशमुखांचं २०१७चं ‘संगीत देवबाभळी’ तर अगदी आजचं. तुकोबांची आवली आणि रखुमाई, अशी दोनच पात्रं. दोघी नट्या स्वतः गातात, आणि जे बोलून सांगता येत नाही तेच गातात. तरुण प्रेक्षकांनी या नाटकाला गर्दी केली. नव्याचं वावडं कुणालाच नाही.

म्हणून निर्मात्यांकडे आणि गावोगावच्या आयोजकांकडे एवढीच मागणी आहे : गाणी रंगमंचावर गायली जाणार की ध्वनिमुद्रित वाजणार, हे जाहिरातीत स्पष्ट छापा. आणि जालन्याच्या रसिकांनी तिकीट काढण्याआधी तिकीट खिडकीवर हा प्रश्न जरूर विचारावा.