एमआरआयची फिल्म हातात आली, पुढं काय?

दीड वर्षाचं लेकरू. भिंत धरून चालायला लागलेलं, दोन-चार शब्द बोलायला लागलेलं. मग हळूहळू पाय अडखळतात, शब्द कमी होतात. घरात कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. गाव अंथुर्णे असो की निमगाव केतकी, अशा वेळी दवाखान्यात सोबत जाणारे मामा, काका, आत्या, मावशी म्हणजे बऱ्याचदा तुम्हीच असता. म्हणून हे तुमच्यासाठी.

शिकलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, की डॉक्टर बऱ्याचदा मेंदूचा एमआरआय सांगतात. त्यामागं कारणं अनेक असू शकतात. त्यातलंच एक म्हणजे पेशींत स्निग्ध पदार्थ साठण्याचे आनुवंशिक आजार.

साठतं काय?

भवानीनगरचा साखर कारखाना डोळ्यासमोर आणा. ऊस गाळला की बगॅस निघतं, मळी निघते. ती बाहेर काढणारी यंत्रणाच बंद पडली तर? कारखाना तुंबणार. पेशीचंही तसंच. जुने स्निग्ध पदार्थ मोडायला प्रत्येकाचं ठरलेलं एन्झाइम असतं. जनुकातल्या बिघाडामुळं ते नसलं, की माल साठत जातो. हा माल शरीरातच तयार होतो. मुलाचं तूप-तेल बंद करून काही होत नाही.

गोशे आजाराच्या नेहमीच्या प्रकारात प्लीहा आणि यकृत वाढतं, मेंदू बहुधा वाचतो. टे-सॅक्समध्ये मात्र मेंदूच्या पेशी मरतात. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, म्हणजे एमएलडीमध्ये, मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. वायरीवरचं प्लास्टिक गेल्यासारखं.

फोटो काय सांगतो?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात. मोठं चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घेतला जातो. आवरण झिजलं की तिथलं पाणी वाढतं आणि तो भाग फिल्मवर पांढरा चमकतो. एमएलडीत हा पांढरेपणा मेंदूच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. त्यात वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टेही दिसू शकतात. टे-सॅक्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमसचा रंग बदलतो. स्पेक्ट्रोस्कोपी नावाच्या तपासणीत तर पेशींतल्या रसायनांवरून चेतापेशी किती शाबूत आहेत, याचा अंदाज येतो. संशोधक वर्षावर्षाचे फोटो शेजारी ठेवून आजार किती पुढं सरकला, औषधानं थांबला का, हे पाहतात.

पण फोटो दिशा दाखवतो, शिक्का मारत नाही. एमएलडीत लक्षणं दिसण्याआधी एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो. पक्कं निदान रक्तातल्या एन्झाइमच्या आणि जनुकाच्या तपासणीतून होतं. म्हणून फिल्म कपाटात ठेवून गप्प बसू नका. ‘आता एन्झाइम तपासायचं का?’ असं डॉक्टरांना विचारा.

घाई कशासाठी?

मेंदूचं गेलेलं बहुतेक परत येत नाही. एमएलडीवरच्या जनुकोपचाराला युरोपात 2020 मध्ये आणि अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली. तो मुख्यतः लक्षणं दिसण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला उपयोगी पडतो. अमेरिकेतली किंमत 42.5 लाख डॉलर! आपल्या आवाक्याबाहेरचीच. तरीही थोरल्याचं निदान झालं, तर धाकट्याची तपासणी वेळेत होते. बिघाड कुठल्या जनुकात आहे हे कळलं, तर पुढच्या गरोदरपणात वारेचा नमुना तपासता येतो.

आता लग्नाचं

आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न काही नवं नाही. सख्ख्या आते-मामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. यातल्या बहुतेक आजारांत आई आणि वडील दोघंही वाहक असावे लागतात; मग दर गरोदरपणात धोका 25 टक्के. नात्यातल्या बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगी असतात, हेही खरं. पण घराण्यात असं मूल होऊन गेलं असेल, तर पत्रिकेआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि सुनेला बोल लावणाऱ्यांना ठणकावून सांगा: बिघाड दोन्हीकडून आलेला असतो.

हे जपून ठेवा

• मूल चालत-बोलत होतं तेव्हाचे मोबाईलवरचे व्हिडिओ, तारखेसह.

• एमआरआयची फिल्मच नव्हे, सीडीसुद्धा.

• दोन्ही घराण्यांतल्या लहानपणी गेलेल्या मुलांची माहिती. आजीला विचारा.

• मुंबईचं केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्र आहे. धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी अशा केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आपला आजार यादीत आहे का, तिथंच विचारा.