ड्रॉइंग रिलीज करायचं की चेंज टाकायचा?

पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी चिंचवडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये जायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ब्रॅकेट्सचा एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला. एकही माप चुकलेलं नव्हतं. फक्त माल रिव्हिजन 'बी'प्रमाणे बनवला होता आणि गिऱ्हाईक कंपनीत रिव्हिजन 'सी' लागू झालं होतं. मशीनशेजारी चिकटवलेली प्रिंट कुणी बदललीच नव्हती. नुकसान युनिटच्या मालकांच्या खिशातून गेलं.

माझं पोस्टग्रॅज्युएशन सायन्समधलं. मला वाटायचं, साहेबांची सही झाली की विषय संपला. पण सह्या दोन प्रकारच्या असतात, आणि या विषयावर संशोधन करायचं असेल तर हा फरक आधी पक्का करून घ्या.

दोन प्रक्रिया, दोन प्रश्न

रिलीज अप्रूव्हलचा प्रश्न असतो: हे डिझाइन बनवायला घेण्याइतकं तयार आहे का? मापं, टॉलरन्स, मटेरियल, बीओएमशी मेळ हे सगळं तपासून सही होते. तोपर्यंत ड्रॉइंग कच्चं असतं. डिझायनरने दिवसातून दहा वेळा बदललं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

चेंज मॅनेजमेंटचा प्रश्न वेगळा: आता हे बदललं तर कुणाकुणाला झळ बसेल? म्हणून आधी बदलाची मागणी येते (ईसीआर), मग मंजुरी मिळते (ईसीओ), मग सगळ्यांना नोटीस जाते (ईसीएन). कंपनीगणिक नावं बदलतात, टप्पे साधारण हेच. टूलिंग, गेज, गोदामातला जुना माल, वाटेतला माल, स्पेअर पार्ट्स या सगळ्यांचा हिशोब त्यात लावावा लागतो. वाहन उद्योगात अनेकदा व्हेंडरला पीपीएपीची मंजुरीही नव्याने घ्यावी लागते.

मग निवडायचं कसं?

मला उपयोगी पडलेली कसोटी साधी आहे: या ड्रॉइंगच्या भरवशावर दुसऱ्या कुणी पैसा घातलाय किंवा निर्णय घेतलाय का? नसेल, तर दुरुस्त करा आणि रिलीजला पाठवा. असेल, तर चेंज टाका.

अडचण मधल्या अवस्थेत येते. ड्रॉइंग कागदोपत्री रिलीज झालेलं नसतं, पण 'फक्त माहितीसाठी' म्हणून टूलरूमला व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं असतं आणि तिथे स्टील कापून झालेलं असतं. अशा वेळी सिस्टीम 'ड्राफ्ट' म्हणते, वस्तुस्थिती 'चेंज' म्हणते. वस्तुस्थितीचं ऐका. म्हणूनच काही ठिकाणी 'फक्त प्रोटोटाइपसाठी' असं टप्प्याटप्प्याने रिलीज देतात.

याचं उलटं टोकही वाईट. बारीकसारीक गोष्टीलाही पूर्ण चेंज लावला, तर लोक कंटाळून गुपचूप बदल करू लागतात.

गुपचूप बदल किती महागात पडतो

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण जरूर अभ्यासा. गाडी चालू असताना स्विच आपोआप सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. 2006 मध्ये स्विच सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना आणि नवा स्विच कागदावर एकच! पुढे तपास करणाऱ्यांना काही वर्षांच्याच गाड्यांत दोष का दिसतो हे कळेना. रिकॉल आला 2014 मध्ये. भरपाई योजनेत 124 मृत्यूंचे दावे मान्य झाले. नियम सोपा आहे: आकार, बसणं किंवा काम यांपैकी काहीही बदलून जुना-नवा पार्ट एकमेकांच्या जागी चालेनासा झाला, तर नंबर नवा.

'कधीपासून?' हा प्रश्न

चेंजमध्ये तो कधीपासून लागू, हेही ठरवावं लागतं. याचा धडा आपल्याकडे 2017 मध्ये मिळाला. 1 एप्रिलपासून बीएस-4 लागू होणार होतं. अनेक कंपन्यांनी ते उत्पादनाच्या तारखेपासून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्चला सांगितलं की 1 एप्रिलपासून बीएस-3 गाड्यांची विक्रीही बंद. देशभरात 8 लाखांहून जास्त गाड्या पडून होत्या. पुढची झेप, बीएस-6, 1 एप्रिल 2020 ला आली, तेव्हा चाकणपासून भोसरीपर्यंत जुना स्टॉक कधी संपवायचा हा प्रश्न होताच.

तुमच्यासाठी संशोधनाचा प्रश्न

'चेंज प्रक्रिया संथ आहे' हा संशोधनाचा विषय होत नाही, ती तक्रार झाली. टेरविश आणि लॉख यांनी 1999 मध्ये दाखवलं की चेंजचा बहुतांश वेळ कामात नाही, वाट पाहण्यात जातो. क्लार्कसन, सायमन्स आणि एकर्ट यांनी 2004 मध्ये हेलिकॉप्टरच्या उदाहरणावरून एका भागातला बदल दुसऱ्यात कसा पसरतो, याचा अंदाज बांधायची पद्धत मांडली. आपल्याकडच्या छोट्या व्हेंडरकडे जाऊन दोन तारखा नोंदवा: ईसीएन मंजूर झाल्याची आणि नव्या रिव्हिजनचा पहिला पीस मशीनवरून उतरल्याची. या दोन तारखांमधलं अंतर हाच तुमचा डेटा.

आणि हीच कसोटी स्वतःच्या थिसिसलाही लावा. पहिल्या माणसाने प्रश्नावली भरेपर्यंत ती कच्ची. हवी तेवढी बदला. त्यानंतर एक शब्द बदलला तरी तारीख, कारण आणि नवा व्हर्जन नंबर लिहून ठेवा. मी आधी ते केलं नव्हतं, आणि माझ्या पहिल्या 14 मुलाखती मला बाजूला ठेवाव्या लागल्या.