भाकरी सोडावी का? — पिष्टमय पदार्थ कमी करण्यापूर्वी करावयाचा विचार



गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यापाशी आणि यार्डातल्या चहाच्या टपरीवर गप्पांना रंग चढतो. पूर्वी या गप्पा उताऱ्याच्या, दराच्या आणि पाटाच्या पाण्याच्या असत. अलीकडे त्यांत एक नवा विषय शिरला आहे. "तुमची शुगर किती?" असे एकाने विचारले की दुसरा सांगतो, "मी भाकरी-भात पार बंद केला. पंधरा दिवसांत चार किलो उतरलो." तिसरा म्हणतो, "अहो, भाकरी सोडून माणूस जगतो व्हय?" दोघेही आपापल्या जागी ठाम असतात.

मीही मागच्या हंगामात हा प्रयोग केला. मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे व रोज सकाळी साखर उतरवण्याची गोळी चालू आहे. कुणाचे तरी ऐकून भाकरी व भात एकदम बंद केला. गोळी मात्र नेहमीचीच घेत राहिलो. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरचा नंबर लागण्याची वाट बघत यार्डात उभा असताना दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या ट्रॅक्टरचालकाने ओळखले. टपरीवरून मूठभर साखर आणून पाण्यात ढवळून मला पाजली. पंधरा-वीस मिनिटांत ठिकाणावर आलो. नंतर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "भाकरी कमी केलीत ते ठीक. पण मग गोळीचं काय करायचं हे कुणाला विचारलंत?"

मी कुणालाच विचारले नव्हते. तो प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

पिष्टमय पदार्थ म्हणजे काय?

आपल्या अन्नात शक्ती देणारे तीन घटक असतात: पिष्टमय व साखरयुक्त पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. पहिल्या दोहोंच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तेल-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ या सर्वांत पहिला घटक मुख्य. पोटात गेल्यावर त्याची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात उतरते. रक्तातली ही साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्शुलिन करते. मधुमेहात हे इन्शुलिन कमी पडते किंवा त्याला शरीर नीट दाद देत नाही.

आता आपल्या ताटाचा हिशेब करू. मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरले, तर तिच्यात पिष्टमय पदार्थ ३३-३४ ग्रॅम. दोन वेळच्या मिळून सहा भाकऱ्या म्हणजे २०० ग्रॅम. दोन वेळचा भात, कच्चा तांदूळ १०० ग्रॅम धरून, आणखी ७८. दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे ४०. शिवाय डाळीतले २५-३०. बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. म्हणजे दिवसाच्या २२०० उष्मांकांपैकी चौदाशे केवळ पिष्टमय पदार्थांतून आले. शंभरातले ६३ झाले.

हे एकट्या आपल्याच घरचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतही भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के शक्ती पिष्टमय पदार्थांतून येते, आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असे आढळले. याच पाहणीमालेने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता.

ही कल्पना नवी नाही

लंडनमधील विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली एक पुस्तिका काढली. पाव, साखर, बिअर व बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो, हे त्याने त्यात सांगितले. १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह्यांना अगदी कमी पिष्टमय पदार्थांवर, जवळजवळ उपाशी ठेवत. कारण दुसरा इलाजच नव्हता. त्याच १९२१ साली अमेरिकेत फेफऱ्याच्या रोग्यांसाठी भरपूर स्निग्ध व नगण्य पिष्टमय असा 'किटोजेनिक' आहार सुचवला गेला. पुढे १९७२ साली डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तो प्रकार वजन उतरवण्यासाठी घरोघर पोचवला.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांमुळे दोनच वेळा जेवण्याची पद्धत गावोगावी गेली. ती वेगळी. तिच्यात किती वेळा खायचे याला महत्त्व आहे. आपण इथे काय आणि किती खायचे याचा विचार करीत आहोत. दोन्हींची सरमिसळ करू नये.

शास्त्रीय व्याख्येप्रमाणे दिवसाला १३० ग्रॅमहून कमी पिष्टमय पदार्थ घेतले तर तो 'लो-कार्ब' आहार. म्हणजे सबंध दिवसात दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ, भाजी आणि कपभर दूध. भात नाही, साखर नाही. किटो आहारात तर ही मर्यादा २० ते ५० ग्रॅम एवढीच. एका भाकरीत ती जवळजवळ संपते.

फायदा होतो का?

होतो, पण ऐकिवात आहे तेवढा नाही आणि सर्वांना सारखा नाही.

२०२१ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्रौढपणी होणारा मधुमेह ज्यांना आहे, अशांपैकी पिष्टमय पदार्थ फार कमी करणाऱ्या अधिक लोकांची साखर सहा महिन्यांत आटोक्यात आली. मात्र वर्षाअखेर हा फरक बराच ओसरला.

केवळ वजनाचे म्हणाल, तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर केलेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी पिष्टमय पदार्थ कमी केले, निम्म्यांनी तेल-तूप. वर्षानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलो, तर दुसऱ्याचे ५.३ किलो घटले. हा फरक नगण्य मानला गेला. पण एकाच गटातल्या माणसामाणसांत मोठी तफावत होती. काहींचे वजन वीस किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे उलट वाढले. शेजाऱ्याला लागू पडले ते आपल्याला पडेलच असे नाही, ते यासाठी.

आपल्या कामाची गोष्ट वर सांगितलेल्या २०२५ च्या निष्कर्षांत आहे. तांदूळ किंवा मैद्याऐवजी अख्खा गहू वा भरडधान्य घेतले, पण एकूण पिष्टमय पदार्थ तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. उलट एकूण उष्मांकांपैकी फक्त ५ टक्के पिष्टमय पदार्थांच्या जागी डाळी किंवा दुधातली प्रथिने आणल्यास धोका कमी दिसला. ही एका वेळची पाहणी आहे, त्यामुळे तिला पक्का पुरावा म्हणता येत नाही. तरीही "मी पोळी सोडली, आता ज्वारीच्या चार भाकऱ्या खातो" म्हणणाऱ्यांनी तिचा विचार करावा. ज्वारीत चोथा असतो, ती चांगलीच आहे. पण चार म्हणजे चारच.

पहिल्या पंधरवड्याचे वजन

आपल्याला ऊस कळतो, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की काट्यावर वजन घटते. ते मुख्यतः पाणी असते. शरीराचेही तसेच. यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. भाकरी-भात बंद केल्यावर प्रथम हा साठा संपतो व पाणी निघून जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो झरझर उतरतात, आणि लग्नाच्या एका पंगतीत परतही येतात. याच काळात डोके दुखणे, थकवा, पायात गोळे येणे, पोट साफ न होणे या तक्रारी होतात. पाणी निघून गेल्याने रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब अधिकच उतरून चक्कर येऊ शकते.

कोणी परस्पर करू नये?

१) इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी. अन्न कमी झाले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर ७० च्या खाली जाते. माझे तेच झाले.

२) डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी. या गोळ्या चालू असता पिष्टमय पदार्थ अगदी तोडले तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते. आणि तपासणीत साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. गोळीच्या पाकिटावरचे नाव डॉक्टरांना दाखवा.

३) लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी.

४) वाढत्या वयाच्या मुलांना व आधीच कृश असलेल्या वृद्धांना या फंदात घालू नये.

५) ऊसतोडीसारखे दिवसभर घाम गाळण्याचे काम करणाऱ्यांना हा आहार सहसा मानवत नाही. पहाटे कोयता घेऊन फडात जाणाऱ्याची भाकरी दुपारपर्यंत खर्ची पडते. ट्रॅक्टर आल्यापासून ज्यांचे कष्ट सरले पण ताट मात्र आजोबांचेच राहिले, अशा आपल्यासारख्यांचा प्रश्न वेगळा आहे.

मग ठरवायचे कसे?

प्रथम, कशासाठी करायचे ते ठरवा. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ५.७ किंवा त्याहून जास्त आली असेल, तर विचार करण्यास कारण आहे. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. काहीच नसेल, तर टपरीवरच्या गप्पांवरून भाकरी सोडण्याचे कारण नाही.

दुसरे, तीन दिवस जे जे तोंडात जाते ते वहीत लिहा. चहा, बिस्किटे, पाहुण्यांकडचा शिरा, सगळे. उपवासाचा दिवस सोडू नका. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा व बटाटा हे जवळजवळ निव्वळ पिष्टमय.

तिसरे, सुरुवातीलाच साखर, मूत्रपिंड व रक्तातील चरबी यांची तपासणी करून घ्या आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. काहींची साखर उतरते पण घातक चरबी वाढते. विशेषतः भाकरीच्या जागी तूप, लोणी आले तर.

चौथे, घरात बोला. आपल्या एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक करताना माउलीचा वेळ जातो आणि डाळ, अंडी, पनीर यांना पैसे लागतात. पाच वर्षे चालेल असेच काही ठरवा. पाच आठवड्यांत सोडून द्यायचे असेल तर आरंभच नको.

आपल्यातील बहुतेकांना १३० ग्रॅमवर जाण्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते. शाकाहाऱ्यांना तर ते फारच अवघड, कारण तूरडाळीतही निम्म्याहून जास्त पिष्टमयच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले, की धान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त उष्मांक येऊ नयेत. त्या दिशेने जाण्याचा सोपा मार्ग असा: दर जेवणाला एक भाकरी कमी, भात एकाच वेळी, चहात एकच चमचा साखर. मोकळ्या झालेल्या जागी मटकीची उसळ, अंडे, मासे, दही, मूठभर शेंगदाणे. ताटाचा निम्मा भाग भाजी व कोशिंबिरीचा. मी आता हेच करतो. दोन भाकऱ्या खातो. गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी करून दिला. यार्डातला प्रसंग पुन्हा आला नाही.

एक प्रामाणिक खुलासा

कुणी म्हणेल, "साखर कारखान्याच्या पत्रकात साखर कमी खा म्हणून छापता?" देशातल्या साखरेचा मोठा भाग मिठाई, बिस्किटे व शीतपेये तयार करणारे उचलतात. आपल्या कपातल्या एका चमच्यावर उसाचा दर अवलंबून नाही. सभासदांना मिळणारी सवलतीची साखर हक्काची आहे, ती अवश्य घ्या. पण ती वर्षभर पुरवून खाण्यात कमीपणा नाही. आणि साखर सोडून गुळावर आलो म्हणजे सुटलो, असेही नाही. गूळ हाही बहुतांशी साखरच. उष्मांकांत फारसा फरक नाही.

गोळी-इन्शुलिन घेणाऱ्या सभासदांनी मात्र खिशात साखरेची पुडी जरूर ठेवावी. घाम, थरथर, अंधारी जाणवताच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी व नंतर काहीतरी खावे. शेजारच्याला असे होताना दिसले आणि तो शुद्धीवर असेल तर त्याला पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. त्या दिवशी एका ट्रॅक्टरचालकाला हे ठाऊक होते, म्हणून आज हा लेख लिहायला मी आहे.

कळावे, लोभ असावा.

— एक ऊस उत्पादक सभासद