तरंगमबाडीची मंडळी

तंजावरच्या पूर्वेस, कावेरीच्या मुखप्रदेशात, तरंगमबाडी नावाचे एक लहानसे गाव समुद्रकाठी वसले आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने वार्षिक खंडाच्या कराराने ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले; पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली, तेव्हा तो खंड मराठी राजांच्या खजिन्यात जमा होऊ लागला.

९ जुलै १७०६ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेने बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग व हाइनरिख प्लुट्शाउ हे दोन तरुण जर्मन पाळक येथे उतरले. परंतु गावचा अंमल डॅनिश व्यापाऱ्यांच्या कंपनीचा होता, आणि धर्मोपदेशाने व्यापारास बाध येईल या धास्तीने कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची वाट पदोपदी अडवली. इतकी, की गावातल्या डॅनिश किल्ल्याच्या मुख्याधिकाऱ्याने झीगेनबाल्गला चार महिने कैदेतही ठेवले.

राजाज्ञेने जे साधले नाही ते लोकभाषेने साधले. शास्त्र आणि उपासना सामान्यांना कळेल अशा भाषेत असावी, हा मार्टिन ल्यूथरच्या पंथाचा मूळ आग्रह. त्यास अनुसरून झीगेनबाल्गने गावातल्या पंतोजीपाशी, पोरांच्या पंगतीत बसून, वाळूत तमिळ अक्षरे गिरवली. मे १७०७ मध्ये पहिले पाच बाप्तिस्मे झाले, ते डॅनिश घरांतल्या गुलामांचे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या चिमुकल्या ख्रिस्ती मंडळीचे ‘नवे यरुशलेम’ हे पहिले उपासनामंदिर उभे राहिले. बायबलचा तमिळ नवा करार येथेच छापला गेला व १७१५ मध्ये पूर्ण झाला. भारतीय भाषेतला तो पहिला मुद्रित नवा करार होय.

मंडळी वाढली तसे मंदिर अपुरे पडले, आणि १७१८ मध्ये क्रुसाकृती नवी वास्तू बांधण्यात आली, जिच्या दर्शनी भागावर फ्रेडरिकचे राजचिन्ह आजही दिसते. पुढल्याच वर्षी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, झीगेनबाल्ग निवर्तला व याच वास्तूत त्याचे दफन झाले. जातिभेद मात्र उंबऱ्याबाहेर राहिला नाही. उपासनेच्या वेळी उच्चनीच जातींची आसने वेगवेगळी असत, आणि हे वैगुण्य मंडळीस दीर्घकाळ चिकटून राहिले. तथापि डिसेंबर १७३३ मध्ये आरोन नामक तमिळ गृहस्थास पाळकपदाची दीक्षा मिळाली, व प्रॉटेस्टंट पंथातला पहिला भारतीय पाळक देण्याचा मान या गावाकडे आला.

१७५० मध्ये येथेच आलेला पाळक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या दरबारी विश्वासास पात्र ठरला, आणि त्याच्या देखरेखीत वाढलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी त्याच्या मृत्यूनंतर फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले.

१८४५ मध्ये डेन्मार्कने आपला हिंदुस्थानातील मुलूख साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकला आणि राजाश्रयाचा उरलासुरला आधारही संपला. परंतु मंडळी तोवर तमिळ झाली होती, म्हणून ती टिकली. १९१९ मध्ये स्थापन झालेले तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च हे तिचेच विस्तारित रूप; त्याचे मुख्यालय तिरुचिरापल्लीस असले, तरी त्याच्या प्रमुखाचा हुद्दा ‘तरंगमबाडीचे बिशप’ असाच आहे.